पाणी जमिनीला की माणसाला?

गरिबी कशी हटवायची यावरच्या तुमच्या लेखात बचत गटांबद्दल लिहिलंय ते पटलं. पण 'गरिबी हटवायला नवं तंत्रज्ञानच हवं' हे तुमचं म्हणणं काही पटत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत झाली, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने मिळून पाणी उचलायचं आणि वाटून घ्यायचं. तिच्यात तंत्र साधंच होतं, पंप आणि पाइपलाइन. नवा होता तो वाटपाचा नियम.

१९७२च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगावला देवस्थानची माळजमीन कराराने घेतली, पाणलोटाची (पावसाचं पाणी अडवून जिरवायची) कामं केली आणि त्या अनुभवातून हे नियम बसवले. पाणी एकराच्या हिशेबाने नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकर. मग वीस एकरवाला असो की दोन एकरवाला. ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि योजनेच्या खर्चातला वाटा शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा, फुकट काही नाही.

मला सगळ्यात धाडसी वाटतं ते भूमिहीनांना दिलेला पाण्याचा वाटा. हातात पाणी असलं की दुसऱ्याची जमीन वाट्याने करताना मजूर म्हणून नव्हे, भागीदार म्हणून बोलता येतं. कागदावर तरी! जमीनवाला ऐकेलच असं नाही.

हे सगळीकडे का पसरलं नाही, तर ऊस सोडायला कोण तयार होतंय? शेजारच्या विहिरीवर ऊस डोलत असताना आपण ज्वारी-भुसारावर थांबायचं, हे गटाच्या बैठकीत सोपं, बांधावर अवघड. तुमच्या भागात असं कुणी पाळतंय का?