मदत हवी आहे : आर्त्वाच्या काउंटेस माओची वंशावळ जुळत नाही

गोंधळमूर्ती :
माओ द'आर्त्वाची (उत्तर फ्रान्समधल्या आर्त्वा काउंटीची, म्हणजे काउंटच्या जहागिरीची, धनीण; मृत्यू २७ नोव्हेंबर १३२९) वंशावळ लावतोय. वडील रोबेर दुसरा, ११ जुलै १३०२ रोजी कूर्त्रेच्या लढाईत ठार. आई आमिसी द कूर्तने. भाऊ फिलिप १२९८मध्येच गेला, पण त्याचा मुलगा रोबेर हयात होता. मग नातू असताना काउंटी मुलीकडे कशी गेली? दुसरं, माओच्या मुलीचा, झानचा मृत्यू एकीकडे २१ जानेवारी १३२९ दिलाय, दुसरीकडे १३३०. १३२९ खरा धरला तर लेक आईआधी गेली, मग ती आर्त्वाची काउंटेस कशी?

सातबारा :
आर्त्वाच्या रिवाजात मयत मुलाच्या जागी नातू उभा राहत नसे. मरणाऱ्याला नात्याने जो जवळचा, तो वारस. मुलगी एक पिढी लांब, नातू दोन, म्हणून माओ. भाच्याने, म्हणजे फिलिपच्या मुलाने रोबेरने, दावा लावला. १३०९ आणि १३१८, दोन्ही वेळा निकाल माओच्या बाजूने. ती गेल्यावर त्याने बनावट दस्तऐवज पुढे केले, ते उघडकीला आले, १३३२मध्ये त्याला हद्दपार केलं. खोट्या कागदांत हात असलेली झान द दिव्हियों १३३१मध्ये जाळली गेली. या भाच्याला सगळे 'रोबेर तिसरा' म्हणतात, पण तो आर्त्वाचा काउंट कधीच नव्हता. तक्त्यात आकड्यावर जाऊन त्याला गादीवर बसवू नका. बोमों-ल-रोजेचा काउंट एवढंच लिहा.

तिथीपंचांग :
१३३० बरोबर. फ्रेंच दरबारी कागदांत वर्ष ईस्टरला बदलायचं, त्यामुळे जानेवारीत लिहिणाऱ्याच्या लेखी १३२९च चालू होतं. १ जानेवारी ते ईस्टर या काळातल्या तारखेला एक वर्ष मिळवायचं, पण आधी तपासा, कारण पुष्कळ छापील पुस्तकांत ते आधीच मिळवलेलं असतं आणि मग दोनदा मिळवलं जातं. नोंदीत '२१ जानेवारी १३२९/३०' असं लिहिलंत तर पुढच्याला शंका राहत नाही. म्हणजे लेक आईनंतर दोन महिनेही जगली नाही, पण तेवढ्यात काउंटेस झाली.

गोंधळमूर्ती :
आभार. १३१४च्या नेल मनोऱ्याच्या प्रकरणातल्या (फ्रान्सचा राजा फिलिप चौथा याच्या सुनांवरचं व्यभिचाराचं प्रकरण) तिन्ही सुना माओच्याच मुली ना?

सातबारा :
नाही, दोनच. झान (नवरा पुढे राजा फिलिप पाचवा) आणि ब्लांश (नवरा पुढे राजा चार्ल्स चौथा). त्यांचे वडील ओतों चौथा, बुर्गोन्य काउंटीचा. तिसरी मार्गरित ही बुर्गोन्यच्या ड्यूकची मुलगी. काउंटी वेगळी, डची वेगळी. त्यात फिलिप सहाव्याची राणीही 'बुर्गोन्यची झान'च, ती या मार्गरितची सख्खी बहीण. नुसत्या नावावर शोधलंत तर दोन राण्यांची मुलं एकत्र होणार. प्रत्येकीपुढे बापाचं नाव टाका, मग नवऱ्याचं.

आणि माओच्या नातीचं, झानच्या थोरल्या मुलीचं, लग्न १३१८मध्ये बुर्गोन्यच्या ड्यूक ओद चौथ्याशी झालं. तिथे दोन्ही बुर्गोन्य एकाच घरात येतात, तिथून पुढे रेषा काढताना पेन्सिल वापरा.