शब्दचर्चा : ‘विदा’, ‘माहिती’ आणि दोन अर्थांचा ‘संबंध’

प्रश्न : व्यवसाय-माहितीशास्त्राच्या (बिझनेस इन्फर्मॅटिक्स) पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणे तयार करत आहे. ‘डेटा’साठी सरळ ‘माहिती’ म्हणावे, की ‘विदा’ अथवा ‘आधारसामग्री’?

उत्तर : ‘माहिती’ म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या विषयाच्या पहिल्याच धड्यात डेटावर प्रक्रिया केली की इन्फर्मेशन मिळते, असे विधान येते. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर ‘माहितीवर प्रक्रिया केली की माहिती मिळते’ असे वाक्य तयार होते आणि विद्यार्थी ते निमूटपणे पाठ करतो. ‘४७, ५२, ३८’ या नुसत्या नोंदी म्हणजे विदा; ते तीन आठवड्यांत परत आलेल्या मालाचे नग आहेत आणि तिसऱ्या आठवड्यात वेष्टन बदलले होते, हे कळल्यावर त्या नोंदींची माहिती होते.

‘आधारसामग्री’ अर्थाने नेमका आहे, पण समासात शिरला की जड होतो. ‘विदासंच’ (डेटासेट), ‘विदागार’ (डेटाबेस), ‘विदाविश्लेषण’ हे शब्द मात्र सहज उच्चारता येतात. व्युत्पत्तीने पाहिले तर ‘विदा’वर आक्षेप घेता येईल, कारण लॅटिन ‘डेटम’चा अर्थ ‘दिलेले’ असा आहे, तर ‘विद्’ म्हणजे जाणणे, म्हणजे हा शब्द मुळात ज्ञानाच्याच अंगणातला. तरीही वापराने अर्थ ठरतो, एवढे मान्य केले की हा आक्षेप फार टिकत नाही.

विषयाच्या नावातला ‘व्यवसाय’ मात्र ठेवावा, त्याचा ‘व्यापार’ करू नये. या विषयाचे जर्मन नाव ‘विर्टशाफ्ट्सइन्फॉर्माटिक’ असे आहे; त्यातील पहिल्या पदात अर्थव्यवहार आणि उद्योग दोन्ही येतात, ‘व्यापार’ त्या मानाने तोकडा आहे.

‘माहिती’सारखाच, पण अधिक फसवा घोटाळा ‘संबंध’ या शब्दाचा आहे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या विदा-प्रतिमानाला (डेटा मॉडेल) ‘रिलेशनल’ म्हणतात. त्यातले ‘रिलेशन’ गणितातून आलेले असून ढोबळमानाने त्याचा अर्थ एक सारणी (टेबल) असाच आहे. विदागारात ग्राहकांची एकच सारणी असली, दुसरी एकही नसली, तरी ते ‘रिलेशन’च. संगणकशास्त्रज्ञ पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या ‘एंटिटी-रिलेशनशिप’ प्रतिमानातील ‘रिलेशनशिप’ वेगळी आहे. ग्राहक मागणी नोंदवतो, तेव्हा ग्राहक आणि मागणी या दोन घटकांना जोडणारी ती बाब. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘संबंध’ लिहिले जाते, आणि मग सारण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून ‘रिलेशनल’, असे चुकीचे उत्तर विद्यार्थी आत्मविश्वासाने लिहितात. माझी सूचना अशी की पहिल्यासाठी ‘संबंध’ राखून ठेवावा, त्याचा गणिती अर्थ तिथेच सांगावा आणि दुसऱ्यासाठी ‘नाते’ वापरावे.

साठवणुकीच्या शब्दांत एवढी अडचण नाही. हर्मन हॉलरिथ यांची १८९० च्या अमेरिकी जनगणनेतील, छिद्रे पाडून नोंदी ठेवणारी छिद्रपत्रे असोत की १९५६ साली आयबीएमने आणलेली, ५० तबकड्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावणारी चकती-यंत्रणा (डिस्क) असो, क्रियेला ‘साठवण’ आणि साठलेल्या गोष्टीला ‘साठा’ म्हणता येते. पुढे आलेल्या ‘डेटा वेअरहाऊस’ला मी ‘विदाकोठार’ म्हणेन, कारण कोठारात निवडून-पाखडून भरतात आणि तिथेही विदा स्वच्छ करून, ठरलेल्या रचनेत बसवूनच आत घेतला जातो. ‘डेटा लेक’मध्ये तो येईल तसा साचतो आणि त्याला रचना वाचताना दिली जाते, म्हणून ते ‘विदातळे’. (तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण प्रवेशाधिकारांच्या धड्याला आयतीच मिळते.)

पुरवणी प्रश्न : आपण ‘विदा घेतला जातो’ असे लिहिले आहे. संस्कृतात ‘विदा’ स्त्रीलिंगी नाही का?

उत्तर : आहे. मराठीत ‘डेटा’च्या ओढीने तो पुल्लिंगी झाला आणि आता दोन्ही रूपे दिसतात. खरी परीक्षा विभक्तीत होते. ‘घोडा-घोड्याचे’ या नियमाने गेलो, तर ‘विद्याचे विश्लेषण’ असे होऊन वाचकाला विद्या आठवते. ‘भाषा-भाषेचे’प्रमाणे ‘विदेचे’ हे रूप निर्दोष आहे, पण कानाला परके वाटते. म्हणून मी पुल्लिंग ठेवून, सामान्यरूप न करता, ‘डेटाचे’प्रमाणेच ‘विदाचे’ असे लिहितो. हे व्याकरणाला धरून नाही, याची मला जाणीव आहे. टिपणांत आपण ‘विदेचे’ स्वीकारणार असाल, तर क्रियापदेही स्त्रीलिंगीच ठेवावीत. ‘विदेचे विश्लेषण केले आणि तो साठवला’ असे कुठेही होऊ देऊ नये.