नर्तकांच्या आयुष्यावरचा सिनेमा सुचवा (खर्च शून्य!)

गोदाकाठची_आई: लेक बारावीला. कथकचं विशारद चालू आहे आणि आता 'हेच करणार' म्हणतेय. ह्यांचं तोंड तेव्हापासून वाकडं. रविवारी सगळ्यांनी बघण्यासारखा, नाचावर पोट भरणाऱ्यांवरचा सिनेमा हवाय. मराठी किंवा हिंदी, दोन तासांच्या आत. घरी फक्त नेटफ्लिक्स आहे, नवं काही घेणार नाही. सासूबाईही बसणार आहेत.

मिसळ_सम्राट: पिंजरा. विषय संपला.

सातपूरकर: पिंजऱ्यात निम्मा वेळ मास्तरच रडतो हो. नटरंग बघा. रांगडा गडी फडासाठी नाच्या होतो. २०१० ला आमच्याकडे तिकीट मिळत नव्हतं.

पंचवटी_मैना: ज्या बापाला पटवायचंय त्याला नटरंग? सोमवारपासून क्लास बंद समजा.

कॉलेजरोड९९: आधी प्रोजेक्टर घ्या. मी अठरा हजारांत घेतला, भिंत भरून दिसतं. टीव्हीवर नाच म्हणजे नुसते चेहरे.

गोदाकाठची_आई: दादा, खर्च शून्य म्हटलंय.

त्र्यंबकवाला: नाशिककरांनो, फाळक्यांना विसरलात? १९१३ ला राजा हरिश्चंद्रात तारामती व्हायला नाचगाण्याच्या बायकासुद्धा तयार नव्हत्या. शेवटी अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले.

मिसळ_सम्राट: इथे फाळके कुठून आले?

त्र्यंबकवाला: पुढच्याच मोहिनी भस्मासुरात कमलाबाई गोखले मोहिनी झाल्या. मोहिनी काय बसून राहते?

घुंगरू_आणि_गुडघे: कथक शिकवते म्हणून बोलते. 'ये बॅले' लावा. २०२० चा, सूनी तारापोरवालांचा, नेटफ्लिक्सवरच आहे. मुंबईतल्या गरीब घरातली दोन पोरं बॅलेत शिरतात. गोष्ट खऱ्या मुलांवरून घेतलीय, त्यातल्या एकाने स्वतःचंच काम केलंय. थोड्या शिव्या आहेत, सासूबाईंना चहाला उठवा.
पण सिनेमाने बाप पटत नाही, हिशोबाने पटतो. पैसा स्टेजवरून कमी, क्लासमधून जास्त. लग्नाच्या संगीताला नाच बसवलात तर हातात रोख. शास्त्रीय कार्यक्रमाला एका मंडळाने माझी शाल-श्रीफळावर बोळवण केली, रिक्षाही माझ्याच पैशांची. आणि पोरीला फरशीवर तत्कार, म्हणजे पाय आपटून बोल काढणं, करू देऊ नका. दोन्ही पायांत शंभर-शंभर घुंगरू बांधून ती लय वाढवते ना, तो दणका थेट नडगीत जातो. खाली लाकडी फळ्या हव्यात.

सिडको_आजोबा: पिंजरा कोणीच कसा सुचवला नाही? १९७२, व्ही. शांताराम, संध्या!

मिसळ_सम्राट: काका, वर वाचा की.

गोदाकाठची_आई: सगळ्यांचे आभार. फळ्यांसाठी सुताराला विचारलंय. मानधनाचा भाग ह्यांना वाचून दाखवला नाही. सिनेमा मात्र लेकीने ठरवला, 'पिना'. तिच्या ताईंकडे डीव्हीडी आहे. जर्मन आहे, पण म्हणे बोलणं फार नाहीच, नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशच्या संचातले नर्तक रस्त्यावर, रेल्वेत कुठेही नाचतात. कॉलेजरोडवाले दादा, रविवारपुरता प्रोजेक्टर द्याल का?

कॉलेजरोड९९: भाड्याने मिळतात ताई, मेनरोडला चौकशी करा.