मदत हवी आहे: पुनरुत्थान काळातली दोन वचनं जोडायची कशी?

सर्वांना सलाम. कोल्हापुरात शाहूपुरीत आमच्या घरगुती प्रार्थनासभेत ईस्टर काळातल्या तिसऱ्या रविवारच्या बायबल वाचनांवर मला मनन द्यायचंय, वेळ फक्त 10 मिनिटं. लूक 24:13-35, म्हणजे पुन्हा उठलेला येशू अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांना भेटतो ती गोष्ट, आणि प्रेषितांची कृत्ये 2 मधलं येशूचा शिष्य पेत्र याचं लोकांपुढचं भाषण, वचन 14 चा पहिला भाग आणि मग थेट 36 ते 41.

लूकचं जमलंय. येशू वाटेत मोशेपासून सगळं शास्त्र उलगडून सांगतो तरी ते दोघं त्याला ओळखत नाहीत, ओळखतात ते भाकर मोडताना. पण पेत्राकडे आलो की अडतंय, कारण तिथं भाषणाचा नुसता शेवटच आहे, स्तोत्रांचा दाखला असलेला मधला भाग आदल्या रविवारी होऊन गेलाय आणि निम्मी माणसं तेव्हा नव्हती. दोन्हीकडं आधी शास्त्र मग कृती, इथं भाकर तिथं बाप्तिस्मा, असा धागा धरून बघितला, पण लईच वर्गात शिकवल्यासारखं वाटतंय बघा. इंग्रजी टीकाग्रंथ नकोत, आज्ज्या आणि कॉलेजची पोरं एकत्र असतात.

तर पेत्राची गाळलेली वचनं मी वाचून दाखवू, की अम्माऊसवरच थांबून पेत्र दोन वाक्यात उरकू? तुमच्याकडं कुणी कसं केलंय सांगा की?