माफ होत नाही, तरी उपासनेत गायचं का?

खडकीकर
सर्वांना सलाम. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. पप्पा गेल्यावर महिन्याभरातच मोठ्या भावाने वारस नोंदीचं काम आहे म्हणून मला रजिस्ट्रार ऑफिसला नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली, मी रडून रडून इतकी थकलेले की वाचलंच नाही, आणि आता पप्पांची खडकीची जागा विकून पण झाली. मम्मी माझ्याकडे असते. भाऊ आमच्याच मंडळीत (चर्चमध्ये) आहे, मी क्वायरमध्ये म्हणजे गाणाऱ्यांच्या गटात असल्यामुळे दर रविवारी तो अगदी समोर दिसतो, हात वर करून गाताना. माझा गळाच बंद होतो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस" या क्षमेच्या ओळीला मी गप्प बसते आणि प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) रविवारी आधीच बाहेर निघून येते. कोणी म्हणतं माफ कर आणि विसरून जा, कोणी म्हणतं आधी भावाशी समेट कर मगच गा, वेदीजवळ दान ठेवून आधी समेटाला जायचं असं बायबलमध्ये वचन आहे ना. मग मी क्वायर सोडू का? आणि माफ केलं म्हणजे जागेचा विषय कायमचा बंद का?

घोरपडीचे_काका
ताई, क्वायर अजिबात सोडू नका. मत्तय 5:23-24 नीट वाचा, तिथे आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं ज्याला आठवतं त्याने दान ठेवून उठायचंय. म्हणजे तुमच्या बाबतीत उठायचंय ते तुमच्या भावाने! ज्याच्यावर अन्याय झालाय त्याच्यासाठी मार्क 11:25 बघा, तुम्ही प्रार्थनेला उभे असाल आणि कोणाविरुद्ध तुमच्या मनात काही असेल तर क्षमा करा. तिथेच, उभ्या जागी. बाहेर जा म्हटलेलं नाही, समोरच्याने आधी माफी मागावी अशीही अट नाही. प्रभुभोजनाचंही तेच, 1 करिंथ 11:28 मध्ये स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी असं आहे, परीक्षा करून घरी जावं असं नाही. हे तुम्हाला रागावून म्हणत नाही, पण तुम्ही दर वेळी बाहेर जाता आणि मेज तुमच्यासाठीच मांडलेलं असतं याचं मला फार वाईट वाटतं.

रास्तापेठ_२
काकांशी सहमत, पण "विसरून जा" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आपल्याकडे हे बहुतेक वेळा बहिणीलाच ऐकवतात. लूक 17:3 मध्ये भावाने अपराध केला तर त्याला दटाव असंसुद्धा प्रभूच म्हणतो. आणि मत्तय 18 चा दाखला आठवा, धन्याने एका चाकराचं दहा हजार तलांतांचं कर्ज सोडलं आणि त्याच चाकराने शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तर देवाने सोडलेलं कर्ज झालं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. पण दुसरं कर्जसुद्धा शंभर दिवसांच्या मजुरीचं आहे हो, गरिबाला ते काही थोडं नाही. तुझं नुकसान झालंच नाही असं प्रभू कुठेच म्हणत नाही.

दुसरं म्हणजे क्षमा आणि न्याय. ग्लॅडिस स्टेन्स यांच्या नवऱ्याला आणि दोन लहान मुलांना 1999 च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला गाडीत जिवंत जाळलं. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली, बारिपदाला कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. पण खटला चाललाच, पार सुप्रीम कोर्टापर्यंत, 2011 मध्ये जन्मठेप कायम झाली. म्हणून त्यांची क्षमा खोटी ठरली का? क्षमा म्हणजे सूड देवावर सोपवणं, रोमकरांस 12:19. सहीबद्दल वकिलाला जरूर विचारा, उशीर करू नका.

वानवडी
वकील म्हणताय पण 1 करिंथ 6 चं काय? भावाने भावाला कोर्टात खेचावं हे ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला मान्य नाही, त्यापेक्षा अन्याय सोसा म्हणतो तो.

रास्तापेठ_२
मान्य, पण त्याच अध्यायात तो असंही विचारतो ना की भावाभावांत निवाडा करेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणजे आधी मंडळीची जबाबदारी. ताईंनी आधी एकटीने भावाला सांगावं, मग दोघांना घेऊन जावं, मग मंडळीपुढे, मत्तय 18:15-17. मंडळी बसायलाच तयार नसेल तर निव्वळ सोस म्हणणं मला पटत नाही, त्यात म्हातारी आई अवलंबून आहे.

पिंपरीची_मावशी
बाळा, स्तोत्र 55 वाच. निंदा करणारा शत्रू असता तर मी सोसलं असतं, पण तू तर माझा सोबती, आपण मिळून देवाच्या मंदिरात जात होतो, असं रडलंय त्यात. अगदी तुझंच! पुढे तर शाप पण आहेत, आणि ते सगळं देवाच्या घरात गायलं गेलंय. तुझ्या मनात आहे ते देवाला तसंच सांग, गोड करून सांगू नको. आणि रोज भावाचं नाव घेऊन एक वाक्य प्रार्थना कर, मन लागो न लागो. पुन्हा राग येईल, म्हणून आधीची क्षमा फुकट गेली असं समजू नको, किती वेळा क्षमा करू असं विचारणाऱ्या पेत्राला प्रभूने सात वेळा नाही तर सत्तर गुणिले सात म्हटलंय ते अशाच लोकांसाठी.

खडकीकर
मावशी, काका, सगळ्यांचे आभार. स्तोत्र 55 मी इतक्या वर्षांत कधी असं वाचलंच नव्हतं, मम्मीला वाचून दाखवलं तर ती पण रडली. क्वायर सोडत नाही. भावाला मेसेज करणार नाही, समोर भेटूनच बोलणार, पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवते, आणि कागद वकिलाला दाखवते. या रविवारी प्रभुभोजन आहे, बाहेर जाणार नाही. कोणाला स्तोत्र 55 ची मराठी चाल माहीत आहे का?

घोरपडीचे_काका
चाल नाही माहीत. पण आळीपाळीने वाचायला घ्या, अर्धी ओळ क्वायर अर्धी मंडळी, 22 व्या ओवीवर (आपला भार परमेश्वरावर टाक) सगळे मिळून.