शौर्यपदक काळं पडलंय, घासून चमकवावं का?

प्रश्न: ब्रिटिश मिलिटरी मेडल आहे, चांदीचं. पृष्ठभाग काळा झालाय, रिबिन मळलीय. पॉलिश लावू का?

उत्तर १: कृपया लावू नका! १९१६ ते १९९३ या काळात दिलेल्या या पदकाचा खरा जीव त्याच्या कडेवर असतो. सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथेच ठोकलेली असतात. प्रत्येक पॉलिशसोबत चांदीचा थर जातो, अक्षरं बोथट होतात. मग पदक कोणाचं, हेच सांगता येत नाही. ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक असलेल्या व्हिक्टोरिया क्रॉसवर नाव वरच्या आडव्या पट्टीच्या मागे आणि पराक्रमाची तारीख क्रॉसच्या मागे कोरलेली असते, तिथेही हीच काळजी. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, हातात सुती किंवा नायट्राइल मोजे घाला, बस्स.

उत्तर २: काळेपणा गंधकामुळे येतो. लोकर, रबर, साधा पुठ्ठा यांपासून चांदी लांब ठेवा. पीव्हीसी या प्लास्टिकची मऊ पाकिटं तर सर्वांत घातक, त्यातून आम्ल सुटून चिकट हिरवा थर बसतो. पॉलिएस्टरचं पाकीट किंवा आम्लरहित कागद वापरा.

उत्तर ३: रिबिन धुऊ नका, रंग एकमेकांत उतरतात. उजेडात ती विटते, म्हणून अंधारात सपाट ठेवा. फाटत असेल तरी मूळ रिबिन जपा, मिरवायला नवी लावा.

प्रश्नकर्ता: शेजारच्या कांस्य पदकावर फिकट हिरवी पूड दिसतेय, तीही तशीच ठेवू?

उत्तर २: नाही, ते क्लोराइडमुळे होणारं क्षरण आहे आणि ते पसरत जातं. पदक लगेच वेगळं काढा, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डबीत ठेवा आणि संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जपण्याच्या तज्ज्ञाला, दाखवा.