लठ्ठ अस्वलांचे मतदान

अनघा (ए-४०३): मी ग्रुपवर सारखे अस्वलांचे फोटो का टाकते, असे नेनेकाकांनी विचारले, म्हणून सविस्तर लिहिते. अलास्कातील काटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स नदीच्या धबधब्यावर कॅमेरे बसवले आहेत आणि उसळी मारलेला सॅमन मासा थेट अस्वलाच्या जबड्यात जाताना घरबसल्या दिसतो. शीतनिद्रेत अस्वलाचे वजन सुमारे एक तृतीयांशाने घटू शकते, म्हणून त्याआधी जे सर्वांत लठ्ठ होईल तेच हुशार, या हिशेबाने तिथे 'फॅट बेअर वीक' भरतो, म्हणजे सर्वांत लठ्ठ अस्वल कोणते यावर लोक जोडी-जोडीने ऑनलाइन मते देतात. २०१४ मध्ये एका दिवसापुरते सुरू झालेल्या या मतदानात २०२३ साली तेरा लाखांहून अधिक मते पडली, त्यांत आमच्या घरची तीन होती.

नेनेकाका (बी-१०१): आभार, अनघा. आपल्या लिफ्टच्या ठरावाला एकूण अकरा मते पडली होती, एवढेच नमूद करतो.

अनघा (ए-४०३): काका, तिथेही बोगस मतदान झाले आहे! २०२२ च्या उपांत्य फेरीतली हजारो खोटी मते बाद करावी लागली.

सुलभाताई (सी-२०२): माझे माहेर चंद्रपूरकडचे. तिकडे उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या बाईसमोर अस्वल उभे राहते, कारण तेही त्याच फुलांसाठी आलेले असते. अस्वल गुदगुल्या करून मारते, ही ऐकीव गोष्ट. ते तोंडावर नख्या मारते. आमच्या शेजारच्या काकू आयुष्यभर डाव्या गालावर पदर ओढून बोलत असत. त्यामुळे अस्वलाला गोंडस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अनघा (ए-४०३): ताई, तुमचे खरे आहे. कॅमेऱ्यावर तेही दिसते. २०२४ मध्ये स्पर्धकांची यादी जाहीर व्हायची त्याच दिवशी एका नराने ४०२ क्रमांकाच्या मादीला नदीतच मारले आणि यादी पुढे ढकलावी लागली. त्याच वर्षी ग्रेझर नावाच्या मादीचे पिल्लू धबधब्यावरून वाहून खाली आले, तेव्हा 'चंक' या धिप्पाड नराने त्याच्यावर हल्ला केला आणि ते दगावले. अंतिम फेरीत नेमके हेच दोघे समोरासमोर आले आणि लोकांनी आईला निवडून दिले. २०२५ मध्ये मात्र, जबडा मोडलेला असूनही चंकच जिंकला.

नेनेकाका (बी-१०१): म्हणजे मतदारांची स्मरणशक्ती तिथेही वर्षभराचीच! पण मोडक्या जबड्याने तो मासे कसे धरतो, हे पाहायला हवे. लिंक पुन्हा पाठव.